विश्लेषण : औषधाच्या चमच्यापासून सिमेंटच्या घमेल्यापर्यंत… गुणोत्तर वाचताना नेमके चुकते कुठे?

तापाचे एकच औषध, एकच कंपनी, तरीही थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत चौपट फरक असू शकतो. खताच्या गोणीवरचे आकडे गुणोत्तरासारखे दिसतात, पण ते गुणोत्तर नसते. शाळेत सहज सुटलेले हे गणित व्यवहारात का फसते, आणि ते फसू नये यासाठी कोणते प्रश्न विचारायचे?

गुणोत्तर म्हणजे नेमके काय?

दोन गोष्टींची तुलना दोन प्रकारे करता येते. एक वजाबाकीने आणि दुसरी भागाकाराने. ५० रुपयांची वस्तू २ रुपयांनी महागली आणि ९०० रुपयांची वस्तूही २ रुपयांनीच महागली, तर वजाबाकीच्या हिशेबात दोन्ही वाढी सारख्या. पण पहिली वाढ मूळ किमतीच्या २५व्या भागाएवढी आहे आणि दुसरी ४५०व्या भागाएवढी. खिशाला कोणती जास्त जाणवेल, हे भागाकार सांगतो. भागाकाराने केलेल्या या तुलनेला गुणोत्तर म्हणतात.

ते लिहिताना दोन संख्यांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे येतात, जसे ३:२. भारताच्या राष्ट्रध्वजाच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर हेच आहे. ध्वज टेबलावरचा असो वा किल्ल्यावरचा, लांबी ३ भाग तर रुंदी २ भाग. आकार बदलला तरी नाते बदलत नाही, हीच गुणोत्तराची ताकद. दोन गुणोत्तरे समान असली की त्या संख्या ‘प्रमाणात’ आहेत असे म्हटले जाते. ३:२ आणि ९०:६० या प्रमाणात आहेत.

दोन्ही राशींचे एकक एकच असेल तर गुणोत्तराला एकक उरत नाही. एकके वेगळी असतील तर मिळतो तो दर. गाडीचे ‘किलोमीटर प्रति लिटर’, भाजीचे ‘रुपये प्रति किलो’, औषधाचे ‘मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ ही सगळी भावंडे त्याच कुळातली. गोंधळ बहुतेक वेळा भागाकारात होत नाही. तो होतो त्या दोन टिंबांच्या दोन्ही बाजूंना नेमके काय आहे, हे न पाहिल्यामुळे.

१:४ म्हणजे चौथा भाग नव्हे का?

नव्हे. सर्वाधिक आढळणारी चूक हीच. सरबताच्या बाटलीवर ‘एक भाग सिरप, चार भाग पाणी’ असे लिहिले असेल तर एकूण भाग पाच होतात. २०० मिलिलिटरचा पेला भरायचा असेल तर सिरप ४० मिलिलिटर आणि पाणी १६० मिलिलिटर. ‘१:४ म्हणजे पाव’ असे समजून ५० मिलिलिटर सिरप ओतले, तर प्रत्यक्षात गुणोत्तर १:३ झाले.

इडलीसाठी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ भिजवली, तर डाळ तांदळाच्या एकतृतीयांश असते, पण एकूण धान्याच्या एकचतुर्थांश. दोन्ही विधाने बरोबर आहेत. फक्त पहिले विधान एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करते, दुसरे एकूणाशी.

सोन्याचे कॅरेट हे एकूणाशी केलेल्या तुलनेचे उदाहरण. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग सोने. २२ला २४ने भागले की ०.९१६ येते. हॉलमार्कच्या दागिन्यावर कोरलेला ‘९१६’ हा आकडा तिथूनच आला आहे. अशा १० ग्रॅम दागिन्यात सुमारे ९.१६ ग्रॅम शुद्ध सोने असते आणि उरलेले इतर धातू असतात. म्हणजे सोने व इतर धातूंचे गुणोत्तर ११:१. १८ कॅरेटचे ‘७५०’ तसेच. तिथे हे गुणोत्तर ३:१ वर येते.

औषधाच्या बाबतीत ही चूक किती महागात पडते?

पॅरासिटामॉल हे लहान मुलांना तापात दिले जाणारे परिचित औषध. बाळांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत सर्वसाधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. वरवर पाहता १२५ हा आकडा १००पेक्षा मोठा दिसतो आणि सिरप जास्त ‘स्ट्राँग’ वाटते. प्रत्यक्षात थेंब चौपट तीव्र असतात.

समजा, डॉक्टरांनी सिरप ५ मिलिलिटर सांगितले आणि घरात थेंबांची बाटली होती म्हणून त्यातलेच ५ मिलिलिटर दिले. मुलाच्या पोटात १२५ऐवजी ५०० मिलिग्रॅम औषध जाईल. पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृताला घातक ठरू शकतो. सिरपमध्येही ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असा दुप्पट तीव्रतेचा प्रकार मिळतो. म्हणून ‘किती चमचे’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘कोणत्या बाटलीतले’ हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर पूर्ण होत नाही. बाटली बदलली तर डोस डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला पुन्हा विचारून घ्यावा.

इन्सुलिनचेही तसेच. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये १ मिलिलिटरला १०० युनिट. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. १०० युनिट तीव्रतेचे इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर द्रव येतो आणि रुग्णाला २०ऐवजी ५० युनिट मिळतात. अडीचपट. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उलट अदलाबदल झाली तर २०ऐवजी फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढलेलीच राहते. सिरिंजवरची खूण बरोबर होती, हात बरोबर होता. चुकला तो दर.

ओआरएसच्या पाकिटाबाबत नियम सोपा आहे, तरी मोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅमची पूड १ लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पूड विरघळवायची असते. पेल्यात अंदाजाने चमचाभर टाकली तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होऊ शकतो. पाणी जास्त झाले तर शरीरातून गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

क्रम उलटला तर काय बिघडते?

३:२ आणि २:३ या वेगळ्या गोष्टी आहेत हे पाचवीतल्या मुलालाही कळते. पण बातमीत आकडा एकटाच येतो तेव्हा क्रम नजरेआड होतो. लिंग गुणोत्तराचे उदाहरण घेऊ. भारतात ते ‘दर हजार पुरुषांमागे स्त्रिया’ असे मोजतात. अनेक आंतरराष्ट्रीय तक्त्यांत मात्र ते ‘दर १०० स्त्रियांमागे पुरुष’ असे दिलेले असते. भारतीय पद्धतीत आकडा वाढणे ही चांगली बातमी, तर दुसऱ्या पद्धतीत तोच आकडा वाढणे चिंतेचे लक्षण.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचे लिंग गुणोत्तर ९२९ होते, पण शून्य ते सहा वयोगटात ते ८९४ होते. २००१मध्ये याच वयोगटाचा आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात २०११मध्ये हे बाल लिंग गुणोत्तर ८०७ इतके खाली आले होते.

इथेही ‘भाग की एकूण’ हा प्रश्न आहेच. ८९४ म्हणजे हजार बालकांत ८९४ मुली नव्हेत. हजार मुलगे आणि ८९४ मुली मिळून १,८९४ बालके होतात; त्यांत मुली सुमारे ४७.२ टक्के. बीडसाठी हीच टक्केवारी सुमारे ४४.७ होते. टक्क्यांत पाहिले तर फरक अडीच टक्क्यांचाच वाटतो, पण हजारामागे ८७ मुली कमी हे वास्तव तेवढेच टोचणारे आहे. शिवाय तुलना कशाशी करायची हेही पाहावे लागते. निसर्गतः जन्माच्या वेळी १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. त्यामुळे ८९४ची तुलना हजाराशी न करता ९५२च्या आसपासच्या आकड्याशी करणे योग्य ठरते.

बांधकामातले ‘एकास दीड, तीन’ कशाने मोजायचे?

घर बांधताना कानावर पडणारे १:१.५:३ हे एम २० प्रतीच्या काँक्रीटचे प्रचलित गुणोत्तर. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ‘एम २०’मधला २० हा आकडा मजबुतीचा असतो. १५ सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन एवढा दाब सोसावा, अशी अपेक्षा असते.

प्रत्यक्ष साइटवर हे भाग घमेल्याने मोजले जातात. सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर जागा व्यापते, त्यामुळे तिच्या जोडीला साधारण साडेबावन्न लिटर वाळू आणि १०५ लिटर खडी लागते. अडचण वाळूची असते. ओलसर वाळू फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरामुळे तिचे आकारमान २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. घमेले तेवढेच भरलेले दिसते, पण आत वाळू कमी असते. त्यामुळे मोजणी वजनाने करणे अधिक भरवशाचे. ते शक्य नसेल तर वाळूचा ओलावा हिशेबात धरावा लागतो.

या गुणोत्तरात न दिसणारा चौथा घटक म्हणजे पाणी. पाणी व सिमेंट यांचे गुणोत्तर वजनाने मोजतात. ते ०.५ ठेवायचे तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी. माल सहज पसरावा म्हणून त्यात आणखी १० लिटर ओतले तर गुणोत्तर ०.७ होते. सिमेंट, वाळू आणि खडी तेवढीच राहते, पण जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि काँक्रीटमध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात. मजबुती घटते, पाणी झिरपते, सळ्या गंजू लागतात. स्लॅब भरून झाल्यावर ही चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माल कालवताना उभे राहून फक्त घमेली मोजणे पुरेसे नाही, पाण्याच्या बादल्याही मोजायला हव्यात.

खताच्या गोणीवरचे १०:२६:२६ हे गुणोत्तर आहे का?

दिसते तसे, पण नाही. ही टक्केवारी आहे. १०:२६:२६च्या ५० किलोच्या गोणीत नत्र १० टक्के म्हणजे ५ किलो, स्फुरद २६ टक्के म्हणजे १३ किलो आणि पालाश १३ किलो असते. एकूण ३१ किलो अन्नद्रव्ये. यातले स्फुरद आणि पालाश हे त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात.

खरे गुणोत्तर असते तर ते संक्षिप्त रूपात ५:१३:१३ असे लिहिता आले असते आणि काहीच बिघडले नसते. इथे मात्र बिघडते. १९:१९:१९ आणि १५:१५:१५ ही दोन्ही खते गुणोत्तराने १:१:१च आहेत. पण ५० किलोमागे पहिल्यात २८.५ किलो अन्नद्रव्ये मिळतात आणि दुसऱ्यात २२.५ किलो. दुकानात दोन्हींची तुलना करताना गोणीची किंमत न पाहता अन्नद्रव्याच्या एका किलोला किती रुपये पडतात, हे पाहणे शहाणपणाचे.

याउलट तृणधान्यांसाठी नत्र, स्फुरद व पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण आदर्श मानले जाते, ते खरेखुरे गुणोत्तर. त्यातून कोणते अन्नद्रव्य कशाच्या किती पट द्यायचे ते कळते. एकरी एकूण किती द्यायचे ते कळत नाही. त्यासाठी माती परीक्षण आणि पिकाची शिफारस पाहावी लागते.

हिशेब करायची सोपी रीत कोणती?

त्रैराशिक. तीन राशी माहीत असताना चौथी काढण्याची ही रीत भारतीय गणितात फार जुनी आहे. इ.स. ४९९मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथात ती आहे. भास्कराचार्यांच्या इ.स. ११५०मधील ‘लीलावती’त तर व्यवहारातली अनेक उदाहरणे याच रीतीने सोडवली आहेत. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा उल्लेख आहे.

जुन्या परिभाषेत माहीत असलेल्या मापाला ‘प्रमाण’, त्यापासून मिळणाऱ्या राशीला ‘फल’ आणि आपल्याला हव्या असलेल्या मापाला ‘इच्छा’ म्हणतात. नियम एवढाच की फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे.

द्राक्षबागायतदारांना आणि कोकणातल्या सुपारी बागायतदारांना परिचित असलेले एक टक्का बोर्डो मिश्रण घ्या. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. १५ लिटरच्या पंपासाठी किती? प्रमाण १०० लिटर, फल १,००० ग्रॅम, इच्छा १५ लिटर. १,०००ला १५ने गुणून १००ने भागले की १५० ग्रॅम मोरचूद आणि तेवढाच चुना. कीटकनाशकाच्या बाटलीच्या ‘एका टोपणात’ मापाचा अंदाज करण्यापेक्षा हा हिशेब करून मापाने औषध घेतले तर पीकही वाचते आणि फवारणाऱ्याचा जीवही.

त्रैराशिक कुठे चालत नाही?

एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते, अशाच ठिकाणी ही रीत लागू पडते. तसे नसेल तर उत्तर सुबक दिसते, पण चुकीचे असते.

सहा मजुरांना एका कामासाठी १० दिवस लागतात, तर १२ मजुरांना २० नव्हे, ५ दिवस लागतील. हे व्यस्त प्रमाण. इथे गुणाकार स्थिर राहतो.

पिझ्झाचा व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे १० इंची एक पिझ्झा हा ७ इंची दोन पिझ्झांपेक्षा किंचित मोठाच भरतो. १०चा वर्ग १००. ७चा वर्ग ४९, आणि त्याची दुप्पट ९८. ‘एकाच्या ऐवजी दोन’ ही ऑफर पाहताना हा हिशेब कामाला येतो. पातेल्याची लांबी, रुंदी, उंची सगळेच दुप्पट केले तर त्यात आठपट पदार्थ मावतो.

घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल, म्हणून ५० माणसांच्या भाताला तेच गुणोत्तर लावले तर भात गिचका होण्याचीच शक्यता जास्त. वाफ होऊन जाणारे पाणी हे भांड्याचे तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरते. तांदळाच्या पटीत ते वाढत नाही. मोठ्या पंक्तीचे आचारी पाणी हात राखून का घालतात, त्याचे कारण हेच.

दरांची सरासरीही अशीच फसवी. १२० किलोमीटरचे अंतर जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने कापले, तर सरासरी वेग ५० होत नाही. जायला ३ तास, यायला २ तास. एकूण २४० किलोमीटरला ५ तास. सरासरी ४८.

मग वाचताना काय तपासायचे?

गुणोत्तर कुठेही दिसले, बाटलीवर, गोणीवर, बातमीत किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशात, तर चार प्रश्न पुरतात.

कशाचे कशाशी? दोन्ही बाजूंच्या गोष्टी शब्दांत सांगून पाहाव्यात. क्रमही त्यातच स्पष्ट होतो.

भागाशी भाग, की एकूणाशी भाग? सगळे भाग मिळवून एकूण किती होतात ते पाहावे.

कशाने मोजले? वजनाने, आकारमानाने, की नगाने? दर असेल तर तो १ मिलिलिटरला, १ किलोला किंवा १ लिटरला किती, असा एकाच मापावर आणून मगच तुलना करावी.

दुप्पट केले तर खरोखरच दुप्पट होते का? होत नसेल तर त्रैराशिक बाजूला ठेवावे.

औषधाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. गणित स्वतःला कितीही पक्के येत असले, तरी बाटलीवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळत नसेल तर डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करावा.